नातीचं टोपलं: दसरा ते आखाडी, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या दसऱ्याला नात सात महिन्यांची झाली आणि तिला सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. कापूस फुटला की घरात कोणी थांबत नाही. आमची मंडळी, म्हणजे नातीची आजी, वेचणीला, मुलगा मजुरांच्या आणि काट्याच्या मागे, सूनबाई तालुक्याला नोकरीवर. माझे गुडघे गेलेत, वावरात उभं राहवत नाही. म्हणून सकाळी नऊपासून दिवस मावळेपर्यंत ओसरीत आम्ही दोघंच.

पहिला पंधरवडा मी मोबाईलवर काढला. गाणं लावलं की ती गप्प, बंद केलं की आकांत. अंगणवाडीच्या ताई वजन घ्यायला आल्या, त्यांनी हे पाहिलं आणि तोंडावर सांगितलं, "काका, वर्षाच्या आतल्या लेकराला स्क्रीन अजिबात नको. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच हे सांगून ठेवलं आहे." मला ते लागलं. पण मोबाईल नाही तर मग काय, हा प्रश्न होताच.

त्याचं उत्तर माझ्या मुलीनं दिलं. ती अमरावतीला बालशिक्षण शिकते. एलिनॉर गोल्डश्मिड नावाच्या इंग्रज बाईंनी, बसायला लागलेल्या पण अजून रांगत नसलेल्या बाळांसाठी एक साधी गोष्ट सुचवली होती, असं तिनं फोनवर सांगितलं. एक बुटकं टोपलं घ्यायचं, त्यात घरातल्याच, वेगवेगळ्या स्पर्शाच्या नि वासाच्या वस्तू भरायच्या, ते बाळासमोर ठेवायचं आणि आपण शेजारी गुमान बसायचं. प्लास्टिक शक्यतो टाळायचं, कारण त्याचा स्पर्श सगळीकडे सारखाच.

टोपलं मी बुरडाकडून मुद्दाम विणून घेतलं, कारण बाजारात मिळतात ती शेणाकचऱ्याची, खोल. आमचं चौदा इंच रुंद, जेमतेम पाच इंच उंच, बुड सपाट, कडी नाही. एकशे वीस रुपये पडले. ते जरा जड हवं, नाहीतर लेकरू कडेवर रेललं की अंगावर उलटतं. तिसऱ्याच दिवशी कामटीची बारीक कूस तिच्या बोटात रुतली. रक्ताचा एकच थेंब आला, पण माझा जीव खालीवर झाला. रात्री मंडळींनी जुन्या लुगड्याची पट्टी कडेवर दुहेरी शिवून दिली. तेव्हापासून तसा त्रास नाही.

आत काय ठेवावं यात माझे बरेच दिवस गेले, आणि खरी काळजी इथेच घ्यायची आहे. खेळण्यांच्या तपासणीत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक नळकांडं वापरतात, सव्वा इंच तोंडाचं. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. माझ्याकडे पाण्याच्या लाईनचा ४० एमएम पाईपचा तुकडा पडला होता. त्याचं तोंड सव्वा इंचापेक्षा थोडं मोठं, म्हणजे तपासणी आणखी कडक. त्यातून जे आरपार पडलं ते बाद. पहिल्याच दिवशी सुपारी, बाटलीचं बूच आणि पोळपाटाचा निघालेला पाय बाद झाले. बटण सेलवर चालणारं एक गाणारं खेळणं पाहुण्यांनी दिलं होतं, तेही मी कपाटात टाकलं. तो चपटा सेल पोटात गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

एका वस्तूनं मात्र मला फार विचार करायला लावला. मुलगा लहान असताना तान्ह्या पोळ्याला घेतलेला लाकडी बैल आम्ही जपून ठेवला आहे. तो नातीच्या हातात द्यावा असं फार वाटत होतं. पण रंग पंचवीस वर्षांपूर्वीचा. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा काय धरायचा? आणि तिच्या हातात आलं की ते तोंडात जातंच. खरडून काढावा तर शिशाची धूळ घरभर उडणार. शेवटी तो बैल फळीवरच ठेवला आणि सुतारानं सागाच्या उरलेल्या तुकड्यातून बिनरंगाचा नवा करून दिला. शिंगं गोल घासलेली, चाकं नाहीत. त्याला मी फक्त खोबरेल चोळतो.

सध्या टोपल्यात हा बैल, स्टीलची वाटी, छोटं लाटणं, ताकाची जुनी रवी, आतून बाहेरून घासलेली करवंटी, गंजाचं, म्हणजे भांड्याचं, झाकण, लाकडी पळी आणि गाठ मारलेलं मऊ फडकं. हिवाळ्यात एक अख्खं संत्रं असायचं. त्या संत्र्याला तिनं आधी दोन्ही हातांनी दाबलं, मग गाल लावला, मग साल चावली. तोंड एवढंसं झालं, अंग शहारलं, आणि परत चावलं. सालीचा तुकडा निघायच्या आत मी ते काढून घेतलं, पण तिच्या बोटांचा वास ती बराच वेळ घेत होती.

रवीचं तर विचारू नका. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं: बावीस मिनिटं ती एकट्या रवीत होती. दांडा फिरवायचा, खालच्या खाचांत बोट घालायचं, जमिनीवर आपटायचं, आवाज ऐकून थांबायचं, परत आपटायचं.

सुरुवातीला मात्र टोपलं अजिबात चाललं नाही, आणि चूक माझी होती. मी सारखा "हे घे बाई, ते पाहा बाई" करत होतो, वाजवून दाखवत होतो. ती चिडायची, फेकायची. एका रविवारी मंडळी घरी होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही बोलू नका ना. पाहू द्या तिले." मी बाजेवर टेकून गप्प बसलो. दोनच मिनिटांत तिनं स्वतः वाटी उचलली. मधूनमधून ती मान वर करून मी आहे का ते बघते, मी हसतो, ती परत कामाला लागते. माझं काम एवढंच, पण ते सोडून उठता येत नाही. टोपलं देऊन आपण फोनवर बोलू किंवा गोठ्यात जाऊन येऊ, असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी हे घेऊ नये.

झोप आली असेल किंवा भूक लागली असेल तर टोपल्याचा काही उपयोग नाही. आणि दिवसभर ते समोर राहू दिलं तर दोन दिवसांत ती ढुंकूनही पाहत नाही. मी सकाळी एकदा, दुपारच्या झोपेनंतर एकदा काढतो, मध्ये झाकून ठेवतो. आठवड्याला दोन वस्तू बदलतो.

घरात कापूस साठवला होता तेव्हा आम्ही ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसायचो. त्या ढिगाजवळ मोठ्यांच्याही अंगाला खाज सुटते. शिवाय कापसाचा बोळा तिच्या तोंडात जायची भीती. मे महिन्यात पारा ४५ वर गेला, लाईन जायची, कूलर बंद. तेव्हा परातीत दोन बोटं पाणी आणि त्यात वाटी-पळी. पाणी एवढंसं असलं तरी माझा एक हात परातीच्या कडेला असायचा, कारण लेकरू तोंडावर पडलं तर तेवढंही पुरतं.

दहाव्या महिन्यात ती रांगू लागली आणि टोपल्यातलं एकेक घेऊन चालती झाली. खेळ संपला असं मला वाटलं होतं. आता सोळा महिन्यांची आहे, चालते, आणि खेळ पालटला: सगळं बाहेर काढायचं, परत आत भरायचं. करवंटी वाटीत जाते, लाटणं जात नाही, हे ती रोज नव्यानं तपासते.

पावसाळ्याचा त्रास खरा आहे. वस्तू रोज धुतो, पण बांबू भिजला की वाळत नाही. परवा बुडाला पांढरी बुरशी दिसली, म्हणून टोपलं चुलीच्या वर टांगलं आहे. मुलीची जाऊ बाळंत झाली आहे, तिच्यासाठी बुरडाला आणखी एक सांगून ठेवलं. या वेळी कडेला कापड शिवूनच पाठवायचं.