डेट्रॉइट की विंडसर? छोटा कारखाना काढणाऱ्यासाठी

नदीच्या एका काठावर अमेरिकेतलं डेट्रॉइट (मिशिगन राज्य), दुसऱ्या काठावर कॅनडातलं विंडसर (ओंटारियो प्रांत). मोटारींचे साचे किंवा सुटे भाग बनवायचे तर दोन्ही काठांवर गिऱ्हाईक तेच. जागा, वीज, कर यांचे हिशेब तुम्ही मांडलेच असतील. मी दोन्हीकडे काम केलंय आणि मला वाटतं, त्या हिशेबात एक रकाना हमखास सुटतो: कामगार आजारी पडला तर पैसे कोण भरणार?

मिशिगनची बाजू आधी. तिथली रुग्णालयं हाच मोठा उद्योग आहे. पगार असे की विंडसरच्या कितीतरी परिचारिका रोज पूल किंवा बोगदा ओलांडून डेट्रॉइटला कामाला जातात. विमा चांगला असेल तर तपासण्याही झटपट होतात, हा माझा अनुभव.

पण मला अडलं ते माणसं मिळवताना. एक कसलेला मशिनिस्ट आमच्याकडे यायला मनापासून तयार होता, पगारही जुळला होता. पण मुलाला दमा, आणि आरोग्य विमा तो काम करत होता त्या मोठ्या कंपनीकडून मिळालेला. तो आला नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? पन्नासपेक्षा कमी माणसांच्या कंपनीला विमा देण्याची सक्ती नाही. द्यायचा म्हटलं तर मोठ्या कंपनीसारखा परवडत नाही. 2014 पासून घरात आजार असला तरी विमा स्वतः विकत घेता येतो हे खरं, पण नव्या विम्यापायी डॉक्टर बदलावा लागण्याची जोखीम आजारी मुलाचा बाप सहज घेत नाही. 1942 मध्ये युद्धकाळात पगारवाढीवर बंधनं आली, तेव्हा माणसं टिकवण्यासाठी अमेरिकी मालक विम्याकडे वळले. तो विमा आजही माणसं धरून ठेवतो, आणि नव्या कारखान्याला नेमकी तीच हवी असतात. मला वाटतं, त्या भागाच्या भरभराटीला याची झळ बसते. विम्यापायी किती जण नोकरी न बदलता राहिले, हे ताळेबंदात कुठेच दिसत नाही.

ओंटारियोत उपचारांसाठीचं सरकारी आरोग्य कार्ड रहिवाशाचं असतं, नोकरीचं नव्हे. मुलाखतीत विम्याचा विषय निघालाच तर औषधं आणि दातांपुरता, कारण ते खर्च बहुतांशी सरकारी योजनेबाहेर आहेत. मालकाला पगारावर आरोग्य कर भरावा लागतो, पण बहुतेक छोट्या खासगी मालकांना वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलर पगारावर तो माफ आहे.

तिथली उणीवही मोठी आहे. 2023 मध्ये ओंटारियोत 20 लाखांहून जास्त लोकांना फॅमिली डॉक्टर नव्हता. तज्ज्ञाची वेळ मिळायला महिने जातात, आणि गुडघा धरून बसलेला कामगार तेवढे दिवस यंत्रावर उभा राहू शकत नाही. हे नुकसान मी सोसलंय.

शेकडो माणसं घेऊन उतरणार असाल तर मिशिगन कदाचित सोयीचं पडेल. मोजक्या कारागिरांवर सुरुवात असेल तर मी विंडसरकडे झुकेन. मी तेच केलं. मात्र जागेचा करार करण्याआधी आसपासचे कोणते डॉक्टर नवे रुग्ण घेतात, याची चौकशी करा.