शटर स्पीड आपोआप बदलतो तेव्हा: मिररलेस कॅमेऱ्याचा वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेल्या मिररलेस कॅमेऱ्याविषयी आता, शिमगा होऊन गेल्यावर, सविस्तर लिहीत आहे. एपीएस-सी सेन्सर (फुल-फ्रेमपेक्षा लहान आकाराचा), सोबत मिळालेली १८-५५ मिमीची झूम लेन्स आणि पक्ष्यांसाठी वेगळी घेतलेली टेलिफोटो झूम असा संच आहे. चित्राचा दर्जा, रंग आणि फोकसचा वेग याबाबत मी समाधानी आहे. तक्रार एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे ठरवलेला शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे राहते तो काळ, सेकंदाच्या अंशात) पुढच्या फोटोत वेगळाच निघणे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ही तक्रार कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्यात उद्भवू शकते आणि तिचा शोध घेण्याची रीत सगळीकडे जवळपास सारखीच आहे.

हा बदल दोन प्रकारचा असतो. एक, कॅमेऱ्याने त्याला दिलेल्या मुभेत राहून केलेला. दुसरा, यंत्रात बिघाड झाल्यामुळे झालेला. सर्व्हिस सेंटरचा कल पहिल्या शक्यतेकडे असतो आणि पैसे मोजलेल्या माणसाचा दुसऱ्या. माझ्या कॅमेऱ्यात दोन्ही प्रकार एकाच काळात चालू होते, आणि म्हणूनच निदानाला महिने लागले.

भिगवणजवळ उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, तिथले उदाहरण पहिल्या प्रकारासाठी पुरेसे आहे. अपर्चर प्रायॉरिटी मोडमध्ये अपर्चर, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा आकार, आपण ठरवतो आणि शटर स्पीड कॅमेरा. थवा गडद पाण्यावर उभा असताना १/१००० मिळत होता; तोच थवा उडून उजळ आकाशासमोर गेला की १/४००० होई, म्हणजे दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरक पडे आणि पक्षी काळवंडत. मीटरिंग, म्हणजे प्रकाशाची मोजणी, स्पॉटवर (एका ठिपक्यापुरती) असेल तर हा हिंदोळा आणखी वाढतो, कारण मोजणीचा ठिपका कधी पांढऱ्या पिसांवर पडतो, कधी पाण्यावर. यात कॅमेऱ्याचे काहीही चुकत नाही.

ऑटो आयएसओचे, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता कॅमेऱ्याने स्वतः ठरवण्याच्या सोयीचे, वागणे मात्र खरोखर फसवे आहे. मेन्यूमध्ये किमान शटर स्पीड १/१००० आणि आयएसओची कमाल मर्यादा ३२०० अशी नोंद केली, की वेग १/१००० च्या खाली जाणारच नाही असा आपला समज होतो. प्रत्यक्षात पहाटेच्या अंधुक उजेडात आयएसओ ३२०० ला पोहोचला आणि तरीही प्रकाश कमी पडला, तर अपर्चर प्रायॉरिटीमध्ये कॅमेरा किमान वेगाची अट बाजूला ठेवतो आणि १/५००, १/२५० असा खाली उतरत जातो. पंख हललेले दिसतात ते त्यामुळे. माहितीपुस्तिकेत हे एका ओळीत उरकलेले आहे. मला विचाराल तर ते ठळक अक्षरांत छापायला हवे होते. यावर मला मानवलेला उपाय म्हणजे मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ यांची जोडी. त्यात वेग आणि अपर्चर दोन्ही आपल्या हाती राहतात आणि चढउतार फक्त आयएसओचा होतो. उजेड फारच कमी झाला तर फोटो काळपट येतो, पण हललेला येत नाही.

सोबतच्या १८-५५ लेन्सचाही यात वाटा आहे. तिचे सर्वांत मोठे अपर्चर १८ वर एफ ३.५ आणि ५५ वर एफ ५.६ असते (एफचा आकडा मोठा तितके छिद्र लहान). अपर्चर पूर्ण उघडे ठेवून झूम केले, की प्रकाश साधारण सव्वा स्टॉपने घटतो आणि अपर्चर प्रायॉरिटीमध्ये १/१२५ चा वेग १/५० वर येतो. खोलीतला उजेड तोच, विषय तोच, आपण फक्त चौकट जवळ आणलेली असते. त्यामुळे संशय लेन्सवर न जाता कॅमेऱ्यावर जातो.

फ्लॅशचे कारण ओळखायला सोपे आहे. फ्लॅश चालू होताच वेग सिंक स्पीडवर (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जास्त वेग), म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० वर, अडतो आणि हाय स्पीड सिंक सुरू केल्याशिवाय त्यापुढे जात नाही. ब्रॅकेटिंगचे, म्हणजे एकाच दृश्याचे कमीजास्त उजळ फोटो ओळीने काढण्याच्या सोयीचे, लवकर लक्षात येत नाही. ते चालू राहिले असेल तर सलग तीन फोटो १/२५०, १/५०० आणि १/१२५ असे निघतात, आणि आयएसओ स्थिर असेल तर मॅन्युअल मोडमध्येही हेच घडते. मात्र दर तिसऱ्या फोटोनंतर तोच क्रम पुन्हा सुरू होतो, आणि इतका शिस्तशीर बिघाड सहसा नसतो. कस्टम मोडची, म्हणजे आपण साठवलेल्या सेटिंगच्या मोडची, तऱ्हा वेगळी. माझ्या कॅमेऱ्यात त्या मोडमध्ये बदललेला वेग कॅमेरा झोपी गेला, की पुसला जातो आणि जागा झाल्यावर पूर्वी साठवलेला वेग परत येतो. बदल आपोआप साठवण्याचा पर्याय मेन्यूत आहे, पण तो मुळात बंद असतो.

मंगल कार्यालयातल्या फोटोंनी काही काळ वेगळीच दिशाभूल केली. सलग काढलेल्या फोटोंपैकी एक उजळ, दुसरा मळकट, तिसऱ्यात वरचा भाग पिवळसर. पाहताक्षणी वाटावे, की वेग बदलतो आहे. एक्झिफ नोंदी (फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने लिहिलेली सेटिंगची माहिती) पाहिल्या तर सगळीकडे १/५०० च होता. आपल्याकडे वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. शटर १/५०० ला उघडले तर त्या चढउताराचा एक लहानसा तुकडाच हाती लागतो, मग तो उजळ निघेल की मंद, हे नशिबावर. वेग १/१०० किंवा १/५० केला, की पूर्ण आवर्तन सामावले जाते आणि फोटो एकसारखे येतात. कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोयही उपयोगी पडली, फक्त तिच्यामुळे सलग फोटोंचा वेग थोडा मंदावतो. मंचावर निरनिराळ्या बनावटीचे रंगीत एलईडी लावलेले असतील तर तिचाही फारसा इलाज चालत नाही.

इतके सगळे वजा केल्यावर जे उरले, ते बिघाडाचे होते. त्याची चाचणी अशी: मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ बंद, फ्लॅश काढलेला, ब्रॅकेटिंग शून्यावर, कस्टम मोड नाही. अशा स्थितीत शटर स्पीड बदलण्याचा अधिकार फक्त डायलला उरतो. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, हात न लावता सेल्फ टायमरने फोटो काढले तेव्हा सगळे फोटो एकाच वेगाचे निघाले. हातात धरून काढताना मात्र मधूनच १/२५० चा १/४०० होई, तर कधी १/२०० होई. मग अंगठ्याखालची मागची डायल एकेक टक करत सावकाश फिरवून पाहिली. क्रम १/२५०, १/३२०, १/४००, १/५०० असा वाढत जायला हवा. पडद्यावर १/२५०, १/३२०, पुन्हा १/२५०, आणि एकदम १/४०० असे दिसले. उलट दिशेने फिरवली तरी आकडा मध्येच पुढे जाई. जोरात फिरवल्यावर हा दोष झाकला जातो, त्यामुळे चाचणी सावकाशच करावी.

याचे कारण समजायला अवघड नाही. डायलखाली एन्कोडर (फिरणे विद्युत संकेतांत बदलणारा भाग) असतो आणि त्यातल्या संपर्कपट्ट्या डायल फिरताना दोन संकेत किंचित पुढेमागे पाठवतात. कोणता संकेत आधी आला त्यावरून कॅमेऱ्याला फिरण्याची दिशा कळते. पट्टीवर धूळ बसली, ती गंजली किंवा झिजली तर एखादा संकेत गळतो किंवा दोनदा पोहोचतो, आणि कॅमेऱ्याला दिशा उलटी वाटते. कॅमेरा पावसाळ्यात काही काळ कोकणात होता. तिथली दमट, खारी हवा कारणीभूत ठरली असावी असा माझा अंदाज आहे, पण मुळातच सदोष सुटा भाग बसवला गेला असण्याची शक्यताही मी सोडून देत नाही.

सर्व्हिस सेंटरने पहिल्या वेळी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून कॅमेरा परत पाठवला. सोबत फॅक्टरी रीसेट आणि फर्मवेअर (कॅमेऱ्यातले सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्याची नोंद होती. त्याने डायलच्या वागण्यात तसूभरही फरक पडला नाही, आणि पडण्याचे कारणही नव्हते. दुसऱ्या वेळी मी डायलची प्रत्येक टक आणि पडद्यावरचा आकडा एकाच चौकटीत दिसेल असा व्हिडिओ मोबाइलवर काढला, चाचणीच्या वेळचे सगळे सेटिंग एका कागदावर लिहिले आणि दोन्ही सोबत दिले. या वेळी कोणतीही खळखळ न होता वॉरंटीत मागची डायल बदलून मिळाली. कॅमेरा देण्यापूर्वी ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्याने फटीतून संपर्क साफ करण्याचा फवारा मारून देण्याची तयारी दाखवली होती. वॉरंटी असताना ते करू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण द्रव आत कुठवर झिरपेल याचा भरवसा नाही आणि पुढे दुरुस्तीची वेळ आली, की तेच निमित्त करून दावा फेटाळता येतो.

नवी डायल बसल्यापासून वेग आपोआप बदललेला नाही. संगणकावर फोटो घेतल्यावर एक्झिफटूल या एक्झिफ नोंदी वाचणाऱ्या प्रोग्रामने वेग, मोड आणि आयएसओ यांचे रकाने काढून मी मधूनमधून तपासतो. गळ्यात अडकवलेल्या कॅमेऱ्याची डायल पोटावर घासून फिरू नये म्हणून चालताना कंट्रोल लॉक (डायलने सेटिंग बदलू न देणारे कुलूप) लावून ठेवतो. एक उणीव अजून खटकते: वेग आपण ठरवलेला आहे की कॅमेऱ्याने, हे व्ह्यूफाइंडरमध्ये एका नजरेत कळत नाही. दोन्हींचे आकडे त्याच रंगात आणि त्याच आकारात दिसतात, आणि फर्मवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतही त्यात काही बदल झालेला नाही.