धुराची दोन रूपे: पीटेड बर्बन आणि आयलाची स्कॉच

पीटेड बर्बन ही अमेरिकी व्हिस्की, तर आयलाची स्कॉच स्कॉटलंडची. पीटच्या, म्हणजे दलदलीत साठलेल्या कुजक्या वनस्पतींच्या इंधनाच्या, धुरावर वाळवलेले माल्ट (मोड आणलेले धान्य) दोन्हींत असले, तरी पेल्यात उतरणारा धूर सारखा नसतो. आयला या स्कॉटिश बेटावरील लाफ्रॉइगसारखी सिंगल माल्ट स्कॉच केवळ माल्ट केलेल्या बार्लीपासून बनते. बर्बनमध्ये मात्र अमेरिकी नियमानुसार किमान ५१ टक्के मका असावाच लागतो. ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी डिस्टिलरीच्या पीटेड बर्बनमध्ये तर मका सुमारे तीन चतुर्थांश असतो आणि उरलेला वाटा स्कॉटलंडच्या पीटेड माल्टचा असतो. साहजिकच धूर तिथे पाहुण्यासारखा येतो.

खरा फरक मला पिंपात दिसतो. बर्बन आतून जाळलेल्या, कोऱ्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते आणि ते लाकूड व्हॅनिला, कॅरॅमल व थोडा कडवटपणा इतक्या सढळ हाताने देते की, पहिल्या घोटात धूर जवळजवळ लपतो व घोट गिळल्यावर, जळक्या साखरेच्या चवीमागून, सावकाश वर येतो. स्कॉच बहुधा वापरलेल्या पिंपात मुरते, आणि गंमत म्हणजे ती पिंपे अनेकदा बर्बनचीच असतात. लाकूड मागे राहत असल्याने आयोडीन, ओली राख आणि औषधी वास पेला नाकाशी नेताच जाणवतो.

दोन्ही एकाच बैठकीत चाखायच्या असतील, तर बर्बन आधी घ्यावी. उलट क्रमात तिचा धूर जाणवतच नाही. थेंबभर पाण्याने स्कॉच खुलते, बर्बन मात्र मला तशीच बरी वाटते. निव्वळ धूर हवा असणाऱ्याने स्कॉचच निवडावी.