गेज लावायचा, हवा भरायची, की हेड परत खोलायचं?

जुनी स्प्लेंडर घेतली, सिलिंडर बोअर करून (आतून कापून मोठा करून) नवा पिस्टन आणि त्याच्याभोवतीच्या रिंगा घातल्या, जुनेच व्हॉल्व्ह (इंधन-हवा आत आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) पेस्टनं घासून बसवले. आता गाडी सकाळी पहिल्या किकला सुरू होते, पण तापली की सुरूच होत नाही. अशा वेळी सिलिंडरमधला दाब, म्हणजे कंप्रेशन, कुठून निसटतोय ते शोधायच्या तीन वाटा असतात. कंप्रेशन गेज लावून आकडा बघा, इंजिनात हवा भरून गळती ऐका, नाहीतर सरळ हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवा. मी तिन्ही केल्या, फक्त क्रम चुकवला.

माझी गाडी पन्हाळ्याच्या चढाला दम टाकायची. वर पोचून बंद केली की परत सुरू होईना. किकवर पाय असा खाली जायचा की वाटावं, प्लग काढूनच ठेवलाय. मिस्त्री म्हणाले, "रिंगा बसल्या न्हाईत अजून. पाचशे किलोमीटर चालवा की!" नव्या रिंगा बसायला वेळ लागतो हे खरंच, म्हणून मीही मान डोलावली. पण दोष फक्त रिंगांचा असता तर थंड इंजिनलाही किक हलकी लागली असती. थंड असताना जोर आहे आणि तापल्यावर नाही, म्हणजे आधी टॅपेट बघायचं, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. व्हॉल्व्ह घासला की तो सीटमध्ये (ज्या कडेवर तो टेकतो तिच्यात) जरा खोल बसतो, त्याचा दांडा रॉकरकडे सरकतो आणि फट तेवढी कमी होते. थंड असताना जेमतेम उरलेली फट तापल्यावर संपते, मग व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकतच नाही.

त्यामुळं टॅपेट न बघता केलेली कुठलीही तपासणी फुकट. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या, मॅग्नेटवरचा (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावरचा) टी मार्क, म्हणजे पिस्टन अगदी वर असल्याची खूण, केसिंगवरच्या खुणेला आणा आणि मॅन्युअलमधल्या मापाचं फिलर गेजचं (फट मोजायच्या पट्ट्यांचं) पातं त्या फटीत घाला. टी मार्क दोनदा येतो. आपल्याला हवा तो, जेव्हा दोन्ही रॉकर बोटानं किंचित हलतात. दुसऱ्या टीवर सेटिंग केलंत तर फट फार मोठी राहते आणि इंजिन टकटक करतं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं गणित वेगळं, तिथं फट शून्य ठेवायची. थंड इंजिनवर पुशरॉड (रॉकरला ढकलणारा दांडा) बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. आरएक्स १०० वाल्यांनी इथूनच परत फिरावं. त्यांच्या टू-स्ट्रोकला टॅपेटच नाही.

टॅपेट बरोबर असूनही दोष राहिला, तर निवड करायची वेळ येते.

गेज स्वस्त आणि झटपट. प्लगच्या जागी बसवायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत किका मारायच्या. घेताना आटे बघून घ्या, स्प्लेंडरचा प्लग १० मिलिमीटरचा, बुलेटचा १४ चा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे, तेव्हा आकडा पुस्तकातल्यापेक्षा पाच-सहा टक्के कमी आला तर घाबरू नका. खरी अडचण पुढं आहे. गेज 'किती' ते सांगतो, 'कुठून' ते सांगत नाही. त्यासाठी चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून सोडून परत मोजायची जुनी युक्ती आहे. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. चाललेल्या इंजिनवर ही युक्ती चांगली, पण नुकत्या बांधलेल्यावर फसवते. न बसलेल्या रिंगा ऑइल मिळताच सील धरतात, आकडा चढतो आणि व्हॉल्व्हचा दोष झाकला जातो. मी याच्यावर विश्वास ठेवून रिंगांचा दुसरा संच विकत घेतला. तो अजून कपाटात आहे.

हवेची तपासणी नेमकी या 'कुठून'लाच भिडते. दोन काट्यांचा लीक-डाउन संच असेल तर गळतीची टक्केवारीही कळते. साधारण दहा टक्क्यांपर्यंत ठीक, वीसच्या पुढं गेली तर शोध घ्यायचा. संच नसला तरी अडत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याकडून जुन्या प्लगचं चिनी मातीचं पोट काढून त्यात हवेची नळी बसवून घ्या आणि पंक्चरवाल्याकडं जा. तीस-चाळीस पौंड हवा पुरते. पिस्टन कंप्रेशनच्या टी मार्कवर (दोन्ही रॉकर हलतात त्या), गाडी टॉप गियरमध्ये, मागचा ब्रेक एकानं गच्च दाबलेला. किकपासून पाय लांब ठेवा, पिस्टन जरा सरकला तर किक उसळू शकते. आता कान लावा. कार्बोरेटरमधून सूं आलं तर इनलेट (आत घेणारा) व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्ट (धूर सोडणारा) व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आलं तर रिंगा. हेडच्या जोडावर साबणाचा फेस लावला आणि बुडबुडे आले, तर तिथलं पॅकिंग (गॅस्केट). झाकणातून थोडा आवाज नव्या इंजिनला येणारच, तो सोडून द्या. आणि कास्ट आयर्न बुलेटच्या सायलेन्सरमधून आवाज आला तर आधी हेडमधला डिकंप्रेसरचा (किक मारताना दाब सोडणारा) छोटा व्हॉल्व्ह तपासा, तोही एक्झॉस्टमध्येच उघडतो.

गेज सरस ठरतो तो एकाच जागी. आकडा कमी येतोय, पण हवा कुठूनच निसटत नाही, असं झालं तर व्हॉल्व्ह नाही, टायमिंग चेन (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ ठरवणारी साखळी) बघा. बसवताना एक दात चुकला असेल, तर इनलेट चुकीच्या वेळी मिटतो. हवेच्या तपासणीत पिस्टन थांबलेला असतो, ही चूक तिला दिसत नाही. तरीही नुकतं बांधलेलं इंजिन असेल आणि पैसे एकाच हत्यारापुरते असतील, तर मी हवेचा संच घेईन. गेज जुनी गाडी विकत घ्यायला जाताना खिशात असावा.

हेड उतरवणं सगळ्यात पक्कं, पण त्यात नवं पॅकिंग आणि दिवस जातो, म्हणून आवाज कुठून येतोय ते कळल्यावरच. माझ्याकडं सायलेन्सर फुसफुसत होता. हेड उतरवून एक्झॉस्ट पोर्टमध्ये पेट्रोल ओतलं, दोन मिनिटांत व्हॉल्व्हच्या कडेला एक थेंब जमला आणि एकाच जागेवरून पाझरू लागला. व्हॉल्व्ह काढला तर घासल्याची करडी पट्टी सगळीकडं सलग, फक्त त्या जागी नखभर तुटलेली. ड्रिलच्या चकमध्ये धरून फिरवला, डोकं थरथरलं. वाकलेला व्हॉल्व्ह पेस्ट लावून कितीही घासा, सरळ होत नाही.

इथं दुसरी निवड येते, नुसतं घासणं की सीट कापणं. सीटवर खड्डे नसतील आणि गाइड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यातून सरकतो ती नळी) जुनंच असेल तर नवा व्हॉल्व्ह घालून हलकं घासलेलं पुरतं. गाइड बदललं की मात्र केंद्र सरकतं, मग मशीनवर ४५ अंशात सीट कापूनच घ्या. माझं गाइड ढिलं होतं, ते बदलायचं होतं, म्हणून हेड कापायला गेलं. पेस्ट धुऊन, पुन्हा पेट्रोल ओतून, कोरडं बघूनच जोडलं. त्यानंतर पाचशे किलोमीटर झाल्यावर टॅपेट उघडलं, तर एक्झॉस्टची फट परत कमी झालेली.