पास्का मेणबत्तीचा सेट: ट्रायल घेता येत नाही अशी वस्तू (मोठीला 4 स्टार, छोट्यांना 2)

हा रिव्ह्यू लिहायला मी मुद्दाम पन्नास दिवस थांबलो. पास्काची म्हणजे इस्टरची मेणबत्ती चर्चमध्ये इस्टरच्या आदल्या रात्री पेटते आणि मग पेंटेकॉस्टपर्यंत (इस्टरपासून पन्नासाव्या दिवसाचा सण) प्रत्येक मिस्सेला (चर्चमधली मुख्य उपासना) पेटत राहते, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी "मस्त आहे, डोळे झाकून घ्या" लिहिण्यात काही अर्थ नाही. आमचा सेट 2025 चा, म्हणजे 20 एप्रिलचा इस्टर ते 8 जूनचा पेंटेकॉस्ट एवढं सगळं बघून झालंय. मी सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चमधल्या विधीच्या सामानाच्या खोलीत, हाताखाली काम करतो, मेणबत्त्या, धूप, कापडं, जे सांगतील ते. कोणाकडून घेतला ते लिहित नाही, असे सेट सगळीकडे साधारण सारखेच असतात आणि मला कोणाशी भांडायचं नाहीये, फक्त काय बघून घ्यावं ते सांगायचंय.

सेटमध्ये आलं काय, तर तीन फूट उंच तीन इंच जाड एक मोठी मेणबत्ती, तिच्यावर क्रूस, अल्फा आणि ओमेगा (ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर) आधीच मेणात बसवलेले, वर्षाच्या आकड्यांचं एक वेगळं पान, पाच लाल मेणाचे खिळे ज्यांच्या आत धुपाचा दाणा असतो, आणि लोकांच्या हातात द्यायला अडीचशे बारीक मेणबत्त्या, खाली कागदाच्या चकत्या. जाहिरातीत 51 टक्के मधमाशांचं मेण लिहिलं होतं. बॉक्स उघडल्यावर वास तरी तसाच आला, बाकी टक्केवारी मी काही मोजायला गेलो नाही.

एक ऑप्शन होता प्लास्टिकच्या नळीत तेल भरायची "कायमची" मेणबत्ती घ्यायचा. दिसायला सेम, गळत नाही, दरवर्षी नवीन घ्यायची कटकट नाही. पण तो विषय फादरांनी एका वाक्यात संपवला. रोमहून 1988 साली इस्टरच्या तयारीबद्दल जे पत्रक निघालं त्यात स्पष्ट आहे की ही मेणबत्ती मेणाचीच हवी, दरवर्षी नवी हवी, एकच हवी, बऱ्यापैकी मोठी हवी आणि नकली कधीच नको. मला आधी वाटलं काय हा हट्ट, पण ज्या मेणबत्तीला बघून सगळं चर्च "ख्रिस्ताचा प्रकाश" म्हणणार ती आतून पोकळ नळी असली तर कसं वाटेल, याचा विचार केल्यावर गप्प बसलो.

आता मेन प्रॉब्लेम. कुठलीही वस्तू आपण आणली की आधी चालू करून बघतो ना? ही बघताच येत नाही. हिची पहिली ज्योत त्या रात्री चर्चबाहेर पेटवलेल्या नव्या अग्नीवरूनच घ्यायची असते. आदल्या दिवशी "जरा बघू जळते का" म्हणून काडी लावली की ती उष्टी झाली, काळी पडलेली वात फादरांच्या हातात देणार का तुम्ही? म्हणजे वात ओली निघाली, मेणात भेसळ निघाली, काहीही निघालं तरी ते कळणार सगळ्या लोकांसमोर अंधारात, त्याच क्षणी. त्यामुळे ही वस्तू निव्वळ विश्वासावर घ्यायची असते (आता विषयच तसा आहे म्हणा).

दुसरी चूक माझी, ती दुकानदाराच्या माथी मारत नाही. बॉक्स आठवडाभर आधी आला होता आणि मी तो उघडला पवित्र शनिवारी, म्हणजे इस्टरच्या आदल्या दिवशी, दुपारी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा दिवस वर्षात वेगळाच असतो. दिवसा मिस्सा नाही, वेदी उघडी, एक कापडसुद्धा नाही, पवित्र साक्रामेंत (ख्रिस्ताचं शरीर मानलेली भाकर) ठेवायची पेटी रिकामी आणि दार सताड उघडं, शेजारचा कायम पेटता असलेला दिवा विझलेला. सकाळच्या प्रार्थनेत एक फार जुनं प्रवचन वाचतात, लिहिणारा कोण ते आजही माहीत नाही, त्यात पृथ्वीवर शांतता पसरलीये कारण राजा झोपलाय आणि ख्रिस्त खाली अधोलोकात आदामाला शोधत निघालाय, जसं हरवलेलं मेंढरू शोधायला निघावं तसा. मतांगीकारात (श्रद्धेच्या कबुलीत) आपण "अधोलोकात उतरला" एका दमात म्हणून पुढे सरकतो, तर या दिवसाचा सगळा जीव त्या दोन शब्दांत आहे. आणि अशा शांततेत मी सॅक्रिस्टीत बसून पॅकिंगची टेप फाडतोय, फर्रर्र फर्रर्र. दोन मावश्या समोर बसून जपमाळ करत होत्या, त्यांनी काही म्हटलं नाही, नुसतं बघितलं. पॅकिंग मजबूत आहे हा प्लस पॉईंट म्हणून धरा, एवढा प्रवास करून मोठी मेणबत्ती वाकली नव्हती की चिरलीही नव्हती.

आकड्यांचं पान काढलं आणि घाम फुटला. शून्य ते नऊ, प्रत्येक आकडा एकेकदा. झालं! आता मला सांगा, 2025 लिहायला किती दोन लागतात? 2020 पासून 2029 पर्यंत प्रत्येक वर्षाला निदान दोन दोन लागणार, हे पान छापणाऱ्या एकालाही सुचलं नसेल? संध्याकाळी फादर आले, मेणबत्ती उलटसुलट करून बघितली.

"अरे, दुसरा दोन कुठंय?"

"फादर, एकच आलाय."

"मग टोकदार काहीतरी आण, कोरू आपण."

हे खरं तर आम्ही विसरूनच गेलो होतो. विधीत असंच आहे की फादरांनी तिथे अग्नीजवळ टोकदार सळीने मेणात क्रूस कोरायचा, वर अल्फा, खाली ओमेगा आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत वर्षाचे चार आकडे, आणि प्रत्येक रेघेबरोबर "ख्रिस्त काल आणि आज, आरंभ आणि शेवट" असं म्हणत जायचं. पण सगळं रेडीमेड चिकटवून येतं त्यामुळे एरवी फादर फक्त हवेत बोट फिरवतात. यावेळी पहिला दोन, शून्य आणि पाच चिकटवले, आणि तिसऱ्या जागेचा दोन म्हणजे खालचा डावा, तो रात्री सगळ्यांसमोर कोरला. मेण कडक होतं, सळी दोनदा घसरली, दोनची शेपटी जरा लांबली, मेणाचा चुरा फादरांच्या झग्यावर पडला. पुढे उभी असलेली पोरं टाचा उंच करून बघत होती, जी एरवी अग्नीच्या ठिणग्यांशिवाय कशाकडे बघत नाहीत. मेण कोरायला छान आहे, भुसभुशीत होत नाही. हा मुद्दा कोणत्याच रिव्ह्यूमध्ये वाचला नव्हता म्हणून लिहितोय.

खिळ्यांबद्दल मात्र सावध राहा. पाच खिळे म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा, पहिला वर, दुसरा मध्ये, तिसरा खाली, मग डावा, मग उजवा. मेणबत्तीला भोकं आधीच पाडलेली होती पण एवढी बारीक की चौथा खिळा ढकलताना मोडला. टोक थोडं गरम करून घेतलं की लोण्यासारखा जातो, हे मला नंतर एका जुन्या सॅक्रिस्टनने सांगितलं. आधी भोकात सुई फिरवून ठेवा, ते चालतं, त्यात काही उष्टं होत नाही.

आणि मग पेटवणं. त्या रात्री वारा होता, माझ्या पोटात गोळा, कारण वातीची परीक्षा हीच. अग्नीवरून बारीक मेणबत्तीने ज्योत आणली, वातीला लावली, एक सेकंद, दोन सेकंद, आणि धरली. एकदाही विझली नाही. दारात पहिल्यांदा "ख्रिस्ताचा प्रकाश", लोक "देवाला धन्यवाद", चर्चच्या मध्यावर दुसऱ्यांदा, तिथे सगळ्यांच्या मेणबत्त्या या ज्योतीवरून पेटायला लागतात, आणि वेदीसमोर तिसऱ्यांदा. पूर्ण अंधारात ती एक ज्योत पुढे चाललेली असते ना, तेव्हा चार स्टार काय नि पाच काय. 1951 च्या आधी हाच विधी शनिवारी सकाळी व्हायचा, लख्ख उन्हात, पोप पायस बाराव्यांनी त्या वर्षी तो रात्री करायची आधी ट्रायल म्हणून परवानगी दिली आणि 1956 पासून सगळीकडे रात्रीच झाला. सकाळी दहाच्या उन्हात "बघा प्रकाश" म्हणणाऱ्यांचं काय होत असेल, कल्पना करवत नाही. आता नियमच आहे की रात्र पडायच्या आत सुरू करायचं नाही आणि रविवारी उजाडायच्या आत संपवायचं.

आता छोट्या मेणबत्त्या. इथे मी खरंच चिडलोय. पास्काची घोषणा, एक्सुल्तेत, गायला चांगली दहा मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ सगळे उभे, हातात पेटती मेणबत्ती. या सेटच्या कागदी चकत्यांचं भोक मेणबत्तीपेक्षा मोठं! तिसऱ्या मिनिटाला चकत्या खाली मुठीवर आल्या, पाचव्या मिनिटाला मेण बोटांवर, आणि गाणारी बाई अंगावर काटा येईल असं गात असताना मागून "स्स्स, हाय" असे आवाज. गंमत म्हणजे त्याच गीतात मधमाशांची स्तुती आहे, ही मेणबत्ती मधमाश्यांच्या कामातून आलीये, मधमाशी-आईने हे मेण दिलंय असं येतं. मध्ययुगात दक्षिण इटलीत हे गीत चामड्याच्या लांब गुंडाळीवर लिहायचे, त्यावरची चित्रं अक्षरांच्या उलटी काढलेली, म्हणजे गाणारा वाचत वाचत गुंडाळी पुढे सोडत जाणार तशी लोकांना ती सुलटी दिसणार, आणि त्यात मधमाश्यांची चित्रं पण असायची. आमच्या छोट्या मेणबत्त्यांशी मात्र कुठल्याही मधमाशीचा संबंध आला असेल असं वाटत नाही. निव्वळ पॅराफिन, आणि धूर.

घोषणा संपली की या मेणबत्त्या विझवून सगळे बसतात आणि वाचनं सुरू होतात. जुन्या करारातली सात, नव्यातली दोन. वेळ नसेल तर सात कमी करता येतात पण तीन तरी हवीतच, आणि निर्गम 14, तांबडा समुद्र दुभंगतो ते, कधीच गाळायचं नाही. आम्ही पाच घेतली. या तासाभरात छोट्यांचं मेण थिजलं आणि वाती आत बुडाल्या. मग ग्लोरिया या स्तुतिगीताला घंटा वाजल्या, सगळ्या उपवासकाळात न म्हटलेला आलेलुया परत आला, पुढे बाप्तिस्म्याची वचनं परत करायला त्याच मेणबत्त्या परत पेटवायच्या, तर निम्म्या पेटेनात. लोक नखाने वात उकरतायत, शेजारच्याकडून ज्योत घेतायत, ती पण विझतेय. सैतानाचा त्याग करता का विचारलं तेव्हा आमच्या रांगेतले चार जण मेणबत्तीशी झटापट करत होते, उत्तर जोरात दिलं एवढं खरं. जाड वातीच्या घ्या, आणि कागदाऐवजी कप असलेल्या मिळाल्या तर तशाच घ्या. हो, आणि त्यातली एक आदल्या दिवशी पूर्ण दहा मिनिटं हातात धरून उभे राहा. छोट्यांची ट्रायल घेता येते, आणि मी तीही घेतली नव्हती.

मोठीचा एक तोटा राहिला. पाणी आशीर्वादित करताना तिचं खालचं टोक पाण्यात बुडवतात, एकदा किंवा तीनदा. तोपर्यंत ती दीडेक तास जळलेली असते आणि वर पातळ मेणाचं तळं साचलेलं. आमच्याकडे ती जराशी तिरकी झाली आणि मेण सरळ पाण्यात, पांढरे ठिपके तरंगायला लागले. वजन बरंच आहे, दोघांनी धरा. बुड वर्णनात दिल्यापेक्षा किंचित जाड होतं, स्टँडमध्ये बसवायला सुरीने तासावं लागलं, तर आधी स्टँडचं माप घ्या.

त्यानंतरचे पन्नास दिवस काही तक्रार नाही. वात पाव इंचाला कापत राहायची, आणि विझवल्यावर मेण ऊन असतानाच काठ बोटांनी आत दाबायचे, नाहीतर मधोमध विहीर होते. इस्टरच्या सोमवारी पोप फ्रान्सिस गेल्याची बातमी आली, संध्याकाळी लोक आपोआप जमले, ती तेव्हा जेमतेम दोन दिवस जळलेली, वेदीजवळ उभी. पेंटेकॉस्टला मोजली तेव्हा तीन फुटांतली सात-आठ इंच संपली होती. आता ती बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ आहे, बाप्तिस्म्यांना आणि अंत्यविधींना पेटेल वर्षभर. चिकटवलेला पाच मे महिन्यातच गळून पडला, शून्याचा काठ सुटलाय. कोरलेला दोन तेवढा आहे तसा आहे.

पुढच्या वर्षी मोठी इथूनच घेणार, छोट्या दुसरीकडून. ऑर्डरच्या खाली लिहिणार आहे की आकड्यांचं पान पाठवू नका.