सोसायटीच्या ऑफिसात लिनक्स मिंट : खजिनदाराचा अभिप्राय

पहिल्यांदाच लिनक्सकडे, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळत असाल आणि मशीन जुनं असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. ठाण्यात वर्तकनगरला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात आम्ही तीच टाकली. मी कॉम्प्युटरमधली तज्ज्ञ नाही, सोसायटीची खजिनदार आहे. पण त्या मशीनवर आमच्या मॅनेजरना रोज काम करायचं असतं आणि खर्च सभासदांच्या मेंटेनन्समधून होतो, म्हणून निवड पारखून केली.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. आमचा डेल तिसऱ्या पिढीच्या आय3 चा, 4 जीबी रॅमचा. नोटिसा, सभेचं इतिवृत्त, ईमेल, पार्किंगची यादी एवढंच काम. त्यासाठी धडधाकट मशीन भंगारात काढून नव्या खरेदीचा ठराव मांडावा, हे मला पटेना.

वाशीला आयटीत असलेल्या भाच्याने उबुंटू, फेडोरा, झोरिन आणि मिंट अशी लिनक्सच्या चार प्रकारांची नावं सुचवली. फेडोराची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला साधारण 13 महिने सपोर्ट असतो. म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठं अपग्रेड आलंच; सोसायटीच्या ऑफिसात ते कोण करत बसणार? झोरिन दिसायला देखणं आहे, पण नुसत्या दिसण्यावर निवड करायची नव्हती. उबुंटू 24.04 चांगलंच, पण आमच्या रॅमवर जड गेलं. शिवाय त्याची डावीकडची पट्टी मॅनेजरना नव्याने अंगवळणी पाडावी लागली असती. मिंट 22 त्याच उबुंटूच्या पायावर उभं आहे आणि त्याला 2029 पर्यंत अपडेट मिळणार आहेत. उबुंटूसाठी सांगितलेले बहुतेक उपाय इथेही लागू पडतात, हा नवख्या माणसाला केवढा तरी आधार आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. मॅनेजर म्हणाले, “मॅडम, हे तर आपलं नेहमीचंच दिसतंय.” तिथेच माझा अर्धा निर्णय झाला.

उरलेला अर्धा पेनड्राइव्हने केला. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट चढवा, मशीन सुरू होताना बूट मेन्यू, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी, उघडा (आमच्या डेलवर एफ12) आणि त्यावरूनच चालवून पाहा. तुम्ही स्वतः इन्स्टॉल करत नाही तोवर हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. या अवस्थेत सगळं जरा सावकाश चालतं, त्यावरून वेगाचं मत बनवू नका. मात्र आपलं रोजचं काम करून पाहा. डेस्कटॉपचा रंग आणि आयकॉन बघण्यात वेळ घालवू नका.

मी सगळ्यात आधी मराठी टाइप करून पाहिलं. कीबोर्डच्या लेआउटांत भारतीय देवनागरी जोडली की इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची प्रमाणित कळरचना, मिळतं. आमचे मॅनेजर विंडोजवरही इनस्क्रिप्टच वापरत, त्यामुळे बोटांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही. ‘दुसऱ्या मजल्यावरील गळती’ असं लिहायला सांगितलं. ‘जे’च्या कळीवर र, शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ऱ, मग ‘डी’च्या कळीने पाय मोडायचा आणि य. ‘ऱ्या’ लिबर ऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारखं मोफत सॉफ्टवेअर) जसा हवा तसा उमटला, मजल्यातला ‘ल्या’ही. नोटिशीत असली अक्षरं तुटलेली दिसली तर सभासद चांगलेच सुनावतात, म्हणून ही परीक्षा मला फार महत्त्वाची वाटते.

जुन्या नोटिसांनी मात्र घाम काढला. त्यातल्या काही युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर मराठी सारखीच दिसावी अशा आजच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टात आहेत. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. यात मिंटचा दोष नाही, नव्या विंडोजवरही तेच झालं असतं. आम्ही त्यांच्या पीडीएफ मशीनवर जुनं विंडोज असतानाच काढून घेतल्या. तुम्हीही विंडोज पुसण्याआधी हे उरकून घ्या आणि सगळ्या फाइलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

प्रिंटरची गोष्ट वेगळी. ऑफिसात दोन आहेत. एचपीचा मिंटने आपणहून ओळखला, त्यावर लगेच पान निघालं. कोपऱ्यातल्या दुसऱ्या कंपनीच्या जुन्या लेझरने भाचा दिवसभर खपला तरी दाद दिली नाही. एकच प्रिंटर असेल तर पेनड्राइव्हवरून एक पान छापून बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका. वायफायचंही तसंच. ते चालत नसेल तर केबल लावा आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये (वायफायसारखे भाग चालवणारी सॉफ्टवेअर टाकायची जागा) काही सुचवलंय का ते पाहा.

हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) बसवली आणि मिंट टाकलं. आता मशीन इतकं चटपटीत झालंय की मॅनेजरना सकाळी ताटकळावं लागत नाही. ब्राउझरमध्ये डझनभर टॅब उघडले की 4 जीबी कमी पडतात, तेवढं सांभाळावं लागतं.

मला मनापासून आवडलेली सोय म्हणजे टाइमशिफ्ट. ते सिस्टिमची स्थिती साठवून ठेवतं आणि एखाद्या अपडेटने बिघाड केला तर मागच्या स्थितीला नेतं. पहिल्याच दिवशी चालू करा. आपल्या फाइलींचा बॅकअप मात्र ते नेहमीच्या सेटिंगमध्ये घेत नाही, तो वेगळाच घ्यायचा.

ज्या सोसायटीचे हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर आहेत, तिने एक विंडोज मशीन ठेवावं. टॅली विंडोजसाठी आहे, ती मिंटवर ओढूनताणून चालवायच्या नादाला लागू नका. आमची बिलं आणि डिजिटल सहीची कामं माझ्या लॅपटॉपवर होतात, तिथे विंडोजच आहे. ऑडिटरना लागणारे तक्ते ऑफिसातून लिबर ऑफिसमध्येच एक्सेलच्या फॉरमॅटात सेव्ह करून पाठवतो आणि ते त्यांच्याकडे नीट उघडतात. मॅक्रो (शीटमध्ये आपोआप काम करणाऱ्या सूचना) असलेली शीट असेल तर तीही पेनड्राइव्हवर असतानाच उघडून पाहा, कारण एक्सेलचे सगळेच मॅक्रो लिबर ऑफिसमध्ये चालत नाहीत.