चप्पल लाईनची कोल्हापुरी, जर्मनीत ३ वर्षं वापरून सांगतोय
मी मूळचा कोल्हापूरचा, जर्मनीत फादर आहे. मागच्या सुट्टीत कोल्हापुरातल्या चप्पल लाईनमधनं, म्हणजे चपलांच्या बाजारातनं, हातशिलाईचा जोड घेतलेला. तिकडं माझ्याकडं एक नाही ४ गावांची चर्च, शनिवारी संध्याकाळी एका गावात मिस्सा (चर्चमधली सामुदायिक प्रार्थना), रविवारी सकाळी दोन, मधल्या दिवसांत आजारी लोकांना घरी कम्युनियन (प्रसादाची पवित्र भाकर) द्यायचं, मयती, आणि कागदपत्रं तर विचारूच नका. त्यामुळं चप्पल घरात घालायलाच. पहिले ८ दिवस अंगठा सोलला, मग दुकानदारानं सांगितल्यासारखं तेल चोळलं तर लोण्यासारखी मऊ झाली की!

एकच तक्रार, न सांगता करकर वाजणारी दिली राव. एकदा घाईत तीच घालून चर्चमध्ये शिरलो, सगळं शांत आणि मी आपला कर्र कर्र, कन्फेशनला (पापांची कबुली द्यायला) थांबलेल्या आज्जी वळून बघायला लागल्या. आता त्यांना आवाजावरनंच कळतंय फादर आले. पावसात घालू नका, चामडं फुगतंय. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय खरा पण रेक्झिनचा मालपण खपवतात, वास घेऊन बघा.

काल परत चप्पल लाईनला गेलो, बिनआवाजाची घेतली. वाजणारी पण ठेवलीय, आज्जींना चुकल्यासारखं वाटायला नको.